कुडाळातलं ऑरगॅनिक दुकान: माल चांगला, पण आपले उकडे तांदूळ कुठायत?

कुडाळात हल्ली एक ऑरगॅनिक दुकान झालंय, आमचं महिन्याचं बरंचसं सामान तिथूनच येतं म्हणून लिहितेय. माल खरंच चांगला आहे. डाळींना पॉलिश नाही, घाण्यावरचं खोबरेल डोळे झाकून घ्या, आणि कोकमाचं आगळ तर एक नंबर, दाट, काळपट लाल, तळाला साका बसलेला, थोडं घातलं तरी सोलकढीला रंग चढतो. वर काचेची बाटली धुऊन परत दिली की दहा रुपये कमी करतात, हे सगळ्याच दुकानांनी करायला हवं.

पण तांदळाच्या रॅककडे गेलं की जीव तुटतो. लाल तांदूळ आहे तो दुसऱ्या राज्यातला, राजमा उत्तराखंडचा, किन्वा तर कुठून कुठून येतो, आणि कुळीथसुद्धा बाहेरून आलेला, झिपवाल्या प्लास्टिक पाऊचमध्ये. अहो, कुळीथ! भात कापल्यावर जमिनीत राहिलेल्या ओलीवर आपल्याकडे होतो तो, खत-औषध फारसं कोणी घालत पण नाही त्याला.

मालकांना सरळ विचारलं, बुधवारच्या बाजारात काकी उकडे तांदूळ घेऊन बसतात ते का नाही ठेवत? ते म्हणाले, ताई, सर्टिफिकेट नाही तर ऑरगॅनिक म्हणून मी नाही विकू शकत. त्यांचं चूक नाही. नियमच तसा आहे, छोटा शेतकरी स्वतः थेट गिऱ्हाईकाला विकत असेल तर त्याला सर्टिफिकेटची सूट आहे, पण तोच माल दुकानात ऑरगॅनिक म्हणून ठेवायचा तर कागद पाहिजे. आणि कागदासाठी भाताला दोन आणि आंबा-काजूच्या बागेला तीन वर्षं रासायनिक काही न घालता काढायची, त्या काळात उत्पन्न कमी झालं तर ते शेतकऱ्याने सोसायचं. म्हणजे शेकडो किलोमीटर डिझेल जाळून आलेला तांदूळ ऑरगॅनिक आणि चार मैलावरचा नुसता तांदूळ.

गावचं म्हणजे सगळं शुद्ध असं मी म्हणत नाही हां. युरिया आपल्याकडेही मारतात, हापूसच्या कलमांना मोहोर लवकर यावा म्हणून कल्टार नावाचं रसायन घालतात, राब, म्हणजे भाताची रोपं करायची जमीन, भाजायला ऐन-किंजळीच्या झाडांची कवळं (पाल्याच्या फांद्या) तोडून जाळतात. म्हणूनच विचारून घ्यावं लागतं. पण त्यावर पण उपाय आहे, पीजीएस म्हणून सर्टिफिकेटची सरकारी पद्धत आहे, त्यात किमान पाच शेतकऱ्यांचा गट करून एकमेकांच्या शेताची तपासणी करतात, खर्च फार नाही. दुकानदाराने पुढाकार घेऊन असा एक गट उभा केला तर किती बरं होईल. तोपर्यंत ऑरगॅनिक न लिहिता नुसतं गावाचं नाव आणि काय खत घातलं ते पाटीवर लिहून ठेवा, आम्ही घेऊ.

अजून एक, बिलाबरोबर देतात ती कंपोस्टेबल पिशवी बऱ्याचदा परड्यातल्या खड्ड्यात नीट कुजत नाही, तिला मोठ्या युनिटमधली उष्णता लागते. त्यापेक्षा घरून डबे न्या, मागितलं तर डाळ सुटी तोलून देतात, तशी पाटी मात्र कुठे लावलेली नाही.