‘जडीबुटी’च्या पुडीत स्टेरॉइड निघालं: कुत्री पाळणाऱ्यांनी सावध राहा

कुत्र्याची खाज घालवणारी ‘शंभर टक्के नैसर्गिक’ पूड म्हणून आम्हाला जे विकलं गेलं, त्यात डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड होतं. प्रयोगशाळेचा अहवाल हातात आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते आहे. पुढचं वाचण्याआधी एक सांगते. तुमच्याकडे अशी बिनलेबलची पूड किंवा गोळी चालू असेल, तर घाबरून ती आज एकदम बंद करू नका. आमची चिंगी नेमकी त्यातच जाता जाता वाचली. आधी पशुवैद्यांकडे जा आणि पुडी बरोबर न्या.

चिंगी आमची गावठी कुत्री. आम्ही नाशिकला राहतो. पावसाळा लागला की तिचं खाजवणं सुरू व्हायचं. पंजे चाटून चाटून लाल, काखेत आणि पोटाखाली पुरळ, कानाला वास. पशुवैद्यांनी गोचीड-पिसवांचं औषध दिलं, त्वचेचा खरवडा तपासला, खरूज नाही म्हणाले आणि ॲलर्जी असल्याचं सांगितलं. धूळ, परागकण, कदाचित खाण्यातलं काहीतरी. आटोक्यात ठेवता येईल, पण पूर्ण जाईलच असं नाही. हे वाक्य कुत्र्यावर जीव असलेल्या माणसाला फार लागतं. असल्या विक्रेत्यांचा धंदा तिथूनच सुरू होतो.

हा माणूस इन्स्टाग्रामवर भेटला. चट्टे पडलेली कुत्री आणि शेजारी तीच कुत्री चकचकीत केसांची, असे फोटो ओळीने लावलेले. फोनवर बोलणं अगदी मायेचं. “ताई, इंग्रजी औषधं बाळाच्या किडनीवर जातात. आपण मुळापासून काढू.” त्याने चिंगीचा व्हिडिओ मागवला, वजन विचारलं, मग व्हॉट्सॲपवर आहाराचा तक्ता पाठवला. सकाळी नाचणीची आंबील, दुपारी हळद घालून दहीभात, रात्री दुधी, आणि जंत होऊ नयेत म्हणून रोज कच्चा लसूण. पूड चिमूटभर, तुपात कालवून. त्यात काय आहे विचारलं तर म्हणाला, गुळवेल, मंजिष्ठा, कडुनिंब, हळद. महिन्याचे 1,200 रुपये. साधी झिपची पिशवी, तिच्यावर पानाचं चित्र आणि एक नाव. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही.

आईने ही नावं ऐकली आणि तिला बरं वाटलं. गुळवेल आमच्या कुंपणावर आहे, मंजिष्ठा आजी वापरायची. घराघरांतला हाच विश्वास त्याने वापरला, याचा मला सगळ्यात जास्त संताप येतो.

दोन-चार दिवसांतच खाज थांबली. पूर्ण थांबली. चिंगी रात्रभर शांत झोपायला लागली. तुमच्याकडे असं झालं तर तिथेच थांबून विचारा, कारण पुढे आमच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते फार महत्त्वाचं आहे. आहार बदलून ॲलर्जीत फरक पडायचा असेल तर तो कळायला साधारण आठ आठवडे द्यावे लागतात. माशाच्या तेलाचा परिणामही काही आठवड्यांनी दिसतो. भयंकर खाज दोन दिवसांत बंद करतात ती स्टेरॉइडं, नाहीतर खास खाजेसाठी बनवलेली आधुनिक औषधं. झाडपाल्यात किंवा मुळांत हा वेग नसतो.

मग एकेक सुरू झालं. पाण्याचं भांडं सारखं रिकामं. रात्री दोनदा-तीनदा लघवीला उठवायची, कधी घरातच व्हायची. भूक अशी वाढली की ओट्यावरची पोळी पळवायची, कचऱ्याचा डबा उलथायची. सावलीत बसूनही धापा. पोट सुटलं आणि मागचे पाय बारीक झाले, पाठीवरचे केस विरळ झाले. मानेवर दगडासारखे कडक, खडबडीत चट्टे आले.

प्रत्येक वेळी त्याला फोन केला आणि प्रत्येक वेळी त्याच्याकडे उत्तर तयार होतं. पाणी जास्त पिते? “विष बाहेर पडतंय ताई, पिऊ द्या.” भूक वाढली? “पचन सुधारलं.” चट्टे? “आतली उष्णता कातडीवर येतेय, चांगलं लक्षण आहे.” रक्त तपासलं तर यकृताच्या तपासणीतलं एएलपी नावाचं एन्झाइम खूप वाढलेलं. त्यावर त्याने ‘लिव्हर शुद्धी’चं 900 रुपयांचं सिरप विकलं. कुत्र्यांमध्ये स्टेरॉइडमुळेही एएलपी असं चढतं, हे नंतर कळलं. रेबीजची लस जवळ आली होती, तर म्हणाला, यंदा देऊ नका, त्यात रसायनं असतात. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर प्राणी काय, माणूसही वाचत नाही. आणि हा माणूस ती लस चुकवायला सांगत होता.

दिवाळीच्या सुमारास पूड संपली. “कच्चा माल हिमालयातून येतो, थोडं थांबा,” म्हणाला. पूड बंद झाली आणि काही दिवसांतच चिंगीने जेवण सोडलं. उलट्या, थरथर, मग उभीच राहीना. रात्री दवाखान्यात नेली तेव्हा तिच्या रक्तातली साखर खाली गेली होती. डॉक्टरांनी सलाइन लावलं, सुटलेलं पोट पाहिलं, मानेवरच्या चट्ट्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “स्टेरॉइड कधीपासून चालू आहे?”

आई म्हणाली, “स्टेरॉइड नाही हो, आयुर्वेदिक आहे.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. मूत्रपिंडांच्या जवळ दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या शरीराला रोज लागणारं कॉर्टिसॉल बनवतात. बाहेरून स्टेरॉइड येत राहिलं की मेंदूकडून येणारा निरोप थांबतो आणि ग्रंथी आकसतात. मग बाहेरचं एकदम बंद झालं की शरीराकडे कॉर्टिसॉलच उरत नाही. खात्रीसाठी त्यांनी एसीटीएचची, म्हणजे ग्रंथींना तो निरोप देणाऱ्या संप्रेरकाची, चाचणी केली: रक्त घेतात, त्याचं इंजेक्शन देतात, तासाभराने पुन्हा रक्त घेतात. निरोगी कुत्र्यात कॉर्टिसॉल चढतं. चिंगीचे दोन्ही आकडे तळाला होते. दिसायला स्टेरॉइड जास्त झाल्याची सगळी लक्षणं, आणि स्वतःचं कॉर्टिसॉल जवळजवळ नाही. ही जोडी दिसली की बाहेरून काहीतरी दिलं जातंय, असंच समजतात. कडक चट्टे म्हणजे कातडीत साठलेलं कॅल्शियम, तेही त्यातलंच.

उपचार म्हणून तिला स्टेरॉइडच द्यावं लागलं. अगदी छोट्या मात्रेत प्रेडनिसोलोन, आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिने हळूहळू कमी करत आणलं. स्टेरॉइड हे वाईट औषध आहे असं मी म्हणत नाही. मात्रा ठरवून, थोड्या काळासाठी, जाणकार माणसाने दिलं तर ते जीव वाचवतं. पण डेक्सामेथासोन शरीरातल्या कॉर्टिसॉलच्या 25 ते 30 पट जोरकस असतं. म्हणूनच ‘चिमूटभर’ पुरत होती. आणि त्या चिमटीत रोज किती जातंय, हे विकणाऱ्यालाही माहीत नसणार.

तळाशी उरलेली पूड आम्ही खासगी प्रयोगशाळेत दिली. खर्च बराच आला, पण तो अहवाल आल्यावरच पुढे काही करता आलं.

त्याचा आहाराचा तक्ताही धड नव्हता. लसूण आणि कांदा, कच्चा असो वा शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतो आणि रोज दिला तर रक्त कमी होतं. दहीभात आणि आंबिलीवर कुत्र्याला पुरेशी प्रथिनं मिळत नाहीत. आणि नुसतं बिनहाडाचं उकडलेलं मांस दिलं तर फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य, म्हणून घरच्या जेवणात कॅल्शियम मोजून घालावं लागतं. आहाराने फायदा होतो, यावर माझा विश्वास आजही आहे. डॉक्टरांनीच नंतर चिंगीला आठ आठवडे फक्त मासे आणि रताळं दिलं, मग एकेक जुना पदार्थ परत आणला. चिकन आलं आणि खाज वाढली. आता चिकन बंद, जोडीला माशाचं तेल, बाहेरून आल्यावर पंजे धुऊन कोरडे करतो. पावसाळ्यात अजून खाजवते, पण पूर्वीसारखं नाही. ॲलर्जीत नैसर्गिक उपायांनी पडणारा फरक हा असा असतो, सावकाश आणि थोडा थोडा.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 जनावरांच्या औषधांनाही लागू आहे, आयुर्वेदिक औषधांनाही. बनवणाऱ्याकडे परवाना हवा आणि लेबलवर त्याचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक, बॅच आणि घटक हवेत. उपचार सांगणारा स्वतःला डॉक्टर म्हणवत असेल तर पशुवैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. आम्ही तो विचारला तेव्हा पूड विकणाऱ्या त्या माणसाने फोन ठेवला होता.

अहवाल, पिशवीचे फोटो आणि पैसे पाठवल्याच्या नोंदी जोडून आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार दिली आहे आणि ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावरही नोंदवली आहे. त्याचा नंबर आता बंद आहे. पण दुसऱ्या नावाच्या खात्यावर तेच फोटो आणि तीच पानाचं चित्र असलेली पिशवी दिसते आहे, किंमत 1,500 रुपये. त्याचेही स्क्रीनशॉट आम्ही दिले. तुमच्याकडे अशी पिशवी आली असेल तर पूड फेकून देऊ नका, थोडी कोरड्या बंद डब्यात ठेवा, त्याच्याशी झालेलं बोलणं फोनमधून पुसू नका, आणि कुत्र्याला घेऊन पशुवैद्यांकडे जाल तेव्हा ‘काही नाही, आयुर्वेदिक चालू आहे’ एवढंच न सांगता ती पिशवी टेबलावर ठेवा.