टिनाच्या छपराच्या दुकानात मॅकवर विंडोज : अकरा महिन्यांचा हिशेब

माझं दुकान दर्यापूर तालुक्यातल्या एका गावात, बसस्टँडला लागून. लग्नपत्रिका, ग्रामपंचायतीचे ठराव, सातबाऱ्याच्या प्रिंटा, ऑनलाइन फॉर्म, जे येईल ते. गेल्या फेब्रुवारीत पुण्याच्या साळ्याकडून त्याचा जुना मॅकबुक एअर घेतला : ॲपलची स्वतःची एम-वन चिप, आठ जीबी रॅम, २५६ जीबी डिस्क. फुकट नाही, हप्त्याने. साळा झाला म्हणून काय झालं.

मॅकची हौस नव्हती. हौस होती बॅटरीची. आमच्याकडे लाईन गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आणि डेस्कटॉपचा यूपीएस दहा मिनिटांत रडायला लागतो. अर्धी पत्रिका जुळवून झाली की नेमकी लाईन जायची. पण माझं पोट चालतं पेजमेकर (पानं जुळवायचा जुना प्रोग्राम) आणि कृतिदेव (जुना देवनागरी फाँट) यांवर, आणि ते विंडोजवर. पेजमेकरची शेवटची आवृत्ती, ७.०, आली २००१ मध्ये. त्या काळी ती मॅकवरही होती, पण आजच्या मॅकओएसवर ती चालतच नाही. "आता नवीन शिका" म्हणणाऱ्यांना नमस्कार. वीस वर्षांच्या पत्रिका, नमुने, मंगलाष्टकं सगळी त्याच फायलींत आहेत.

एक गैरसमज आधी काढतो, कारण मीही त्यात होतो. मॅकवर विंडोज म्हणजे बूट कॅम्प, डिस्कचे दोन भाग करायचे आणि चालू करताना ऑप्शन बटण दाबून हवं ते निवडायचं, असंच मला वाटे. ते फक्त इंटेल चिपच्या मॅकवर. २०२० च्या नोव्हेंबरपासून ॲपलने स्वतःच्या चिपचे मॅक आणले, त्यात बूट कॅम्प नाही. तिथे विंडोज मॅकच्या पोटातच चालवायचं, व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे प्रोग्रामने उभ्या केलेल्या लटक्या संगणकात, आणि तेही विंडोज ११ चं आर्म रूप, म्हणजे ॲपलच्या चिपच्या जातीसाठी बनवलेलं.

असं मशीन उभं करणारे प्रोग्राम असतात. आधी त्यातलं यूटीएम लावलं. फुकट आहे, चालतं, पण त्यात विंडोजला ग्राफिक्सचा वेग मिळत नाही. खिडकी सरकवली तर मागून बैलगाडी येते. व्हीएमवेअर फ्यूजनही नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीसुद्धा फुकट आहे, हातात वेळ असेल तर आधी ते बघा. मी शेवटी पॅरलल्सला वर्षाचे पैसे भरले. मॅकमधलं फोल्डर विंडोजमध्ये सरळ दिसतं आणि मॅकला जोडलेला प्रिंटर तिकडूनही वापरता येतो, एवढ्याचसाठी. विंडोजचं लायसन्स वेगळं लागतं, ते त्या पैशात येत नाही.

रॅम आठच, म्हणून विंडोजला चार दिली. तेवढी तर विंडोज ११ ची किमान मागणीच आहे. उरलेल्या चारात मॅक कसाबसा बसतो. पत्रिका जुळवताना ब्राउझर बंद ठेवायचा, हा दुकानाचा नियम झाला. विंडोजने डिस्कवर पंचेचाळीस जीबी कधी खाल्ले कळलंच नाही. आज घ्यायचा असेल तर सोळा जीबीच्या खाली बघू नका.

पहिल्याच आठवड्यात स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतला. आमचं इंटरनेट म्हणजे फोनचा हॉटस्पॉट, रोजचे दोन जीबी. मॅकला माहीत असतं की हा फोन आहे. आतल्या विंडोजला वाटतं आपल्याला पक्की तार जोडली आहे. मी लोकांचे फॉर्म भरतोय आणि विंडोज आत गुपचूप अपडेट ओढतंय. साडेअकरालाच डेटा खतम. विंडोजच्या सेटिंगमध्ये इथरनेटच्या पानावर "मीटर्ड कनेक्शन", म्हणजे डेटा मोजका आहे ही खूण, चालू करावं लागतं. ते पहिल्या दिवशीच करा.

पेजमेकर मात्र चाललं, आणि माझ्या जुन्या डेस्कटॉपपेक्षा चपळ चाललं. आर्मचं विंडोज इंटेलसाठी लिहिलेले प्रोग्राम भाषांतर करून चालवतं, बत्तीस बिटचे जुनेसुद्धा. फक्त "ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा" करावं लागलं. कृतिदेवची गंमत वेगळी. काही जोडाक्षरांना ऑल्ट दाबून उजवीकडच्या नंबरपॅडवर चार आकडे मारावे लागतात, आणि मॅकबुकला नंबरपॅडच नाही! साडेतीनशेचा यूएसबी कीबोर्ड जोडला तेव्हा "मुद्दा"तला द्द उमटला. आणखी एक : कृतिदेवमधला मजकूर कॉपी करून मॅककडे आणला तर "मराठी"चं ई, जे, के, मोठा बी, एच होतं. दोष कुणाचाच नाही, त्या फाँटची ठेवणच तशी. पण पहिल्यांदा पाहिलं तेव्हा फाईल गेली समजून मी बाहेर जाऊन चहा पिऊन आलो.

आता खरी अडचण. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाच्या निधीतून पेमेंट करायचं तर सरपंच आणि ग्रामसेवक (आताचा ग्रामपंचायत अधिकारी) दोघांचं डोंगल लागतं, म्हणजे डिजिटल सहीचं टोकन. आमचे सरपंच एप्रिलमध्ये डोंगल घेऊन आले.

"लाव बा, दोन मिनिटाचं काम हाय."

दोन तास झाले. मशीनला डोंगल दिसतं, सही करायला गेलं की नाही. प्रोग्रामला भाषांतर करणारा दुभाष्या मिळतो, पण ड्रायव्हर, म्हणजे जोडलेलं यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम, विंडोजच्या गाभ्यात बसतो, तिथे दुभाष्याला प्रवेश नाही. ड्रायव्हर आर्मसाठीच बनवलेला लागतो. त्या डोंगलचा तसा मला मिळाला नाही. अंगठ्याच्या मशीनचंही तेच, ते शेवटी ओटीजीने फोनला जोडून चालवतो. जुना यूएसबी लेझर प्रिंटरही अडला असता, पण मॅककडे त्याचा ड्रायव्हर होता म्हणून वाचलो.

"एवढं महागाचं घेतलं अन् डोंगल नाही चालत, काहून?" सरपंच म्हणाले. माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

म्हणून जूनमध्ये परतवाड्याच्या भाच्याचा २०१५ चा इंटेल मॅकबुक प्रो महिनाभर मागून आणला. त्यात बूट कॅम्पचं विंडोज १०. डोंगल पहिल्या झटक्यात लागलं, अंगठ्याचं मशीनही. ते खरंखुरं इंटेल विंडोजच ना. पण एका गिऱ्हाइकाचं डोंगल, दुसऱ्याची मॅकमधली फाईल, की कर बंद, कर चालू. पंखा कापूस पिंजल्यासारखा आवाज करतो, आणि बॅटरी म्हातारी. शिवाय विंडोज १० ला सुरक्षेचे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, आणि इंटेल मॅकमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय नसल्याने विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. पैशांच्या सह्या अशा मशीनवर करायच्या नाहीत, एवढं मला कळतं. परत देऊन टाकला.

मे महिन्याचं सांगायचं राहिलं. एअरला पंखा नाही. ॲपल म्हणतं, भोवतालचं तापमान ३५ अंशांपर्यंत असावं. आमच्याकडे पंचेचाळीस, त्यावर टिन. दुपारी एकनंतर मशीन तव्यासारखं, वेग निम्मा. पीडीएफ बनवायला लावून गिऱ्हाइकाला रसवंतीवर पाठवायचो. कूलरसमोर ठेवायची हिंमत झाली नाही, पाण्याचे तुषार उडतात. मग पत्रिकांचं काम सकाळी दहाच्या आत आणि रात्री आठनंतर, दुपारी फक्त फॉर्म.

बॅटरी? विंडोज बंद असेल तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत. विंडोज चालू ठेवून पाच-सहा तास. यंदाच्या लग्नसराईत एकदा सलग चार तास लाईन नव्हती, शेजारची दोन दुकानं बंद, आणि मुलीचे वडील समोर बसून प्रूफ वाचत होते. त्या दिवशी साळ्याचे सगळे हप्ते वसूल झाले असं वाटलं.

फेब्रुवारीत पॅरलल्सचे पैसे पुन्हा भरायचे आहेत. भरीन. जुना डेस्कटॉपही काढला नाही. रॅम वाढवून, एसएसडी टाकून तो टेबलाखाली ठेवलाय. दारावर पाटी लावली आहे : "डोंगलचं काम लाईन असेल तरच."