हिरडा-गुळाच्या मातीच्या विटा: एका पावसाळ्यानंतर

कुडाळजवळच्या एका छोट्या कारखान्यातून मांगराच्या, म्हणजे शेतावरच्या साध्या घराच्या, भिंतींसाठी ह्या विटा घेतल्या. सिमेंट अजिबात नाही. तांबड्या मातीत हिरडा भिजवलेलं पाणी, थोडा गूळ आणि पेंढ्याचे बारीक तुकडे मळून प्रेसमध्ये दाबतात आणि सावलीत वाळवतात, भाजत नाहीत.

घेण्याआधी एक वीट बादलीत बुडवून बघा. साधी कच्ची वीट बघता बघता चिखल होते. ही मी रात्रभर ठेवली. सकाळी कडा बोटाने सुटत होत्या, पण वीट अखंड हातात आली. हिरड्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) आपल्या मातीतल्या लोहाशी जुळतं आणि पाण्यात सहज न विरघळणारं काळपट संयुग तयार होतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोहाचाच क्षार) घालून शाई करत, ती पक्की व्हायची त्यामागेही हेच. म्हणून ही कृती जांभ्याच्या मातीला शोभते. घाटावरची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की तडकते. तिथे ह्याच कृतीवर विसंबू नये.

आता पावसाचं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही वाऱ्यासोबत आडवा येणारा. पूर्वेची भिंत जशीच्या तशी आहे. पश्चिमेच्या भिंतीची वरची माती धुपून पेंढा दिसू लागला, तेव्हा झावळ्यांचे झाप बांधले आणि धूप थांबली. जोतं चिऱ्याचं (जांभ्या दगडाचं) गुडघाभर उंच घेतलं होतं, त्यामुळे पागोळ्यांचं उडालेलं पाणी विटांपर्यंत पोचलंच नाही. हे दोन्ही करायची तयारी नसेल तर ह्या विटांच्या वाटेला जाऊ नका. हिरड्याने पाणी शिरायला वेळ लागतो, ते अडत नाही.

तक्रार आहे ती वेगळीच. माल अर्धवट वाळलेला पाठवला. गुळामुळे मुंग्या लागल्या, आतल्या बाजूला पांढरी बुरशी धरली. पूर्ण वाळल्यावर दोन्ही गेलं, पण असा माल ग्राहकाला देऊच नये. वर सिमेंटचा गिलावा करायचा सल्लाही दिला! सिमेंट भिंतीतली ओल बाहेर पडू देत नाही आणि मग पापुद्र्यांनी सुटतं. शिवाय साखरेच्या अंशाने त्याचं जमणंही लांबतं. मी चुन्याचा गिलावा केला, तो छान धरलाय.

चिऱ्यापेक्षा स्वस्त पडत नाहीत, भाडं धरलं तर नाहीच. तरी मे महिन्यातल्या दुपारी मांगरात जो गारवा असतो त्यासाठी गोठाही ह्याच विटांचा बांधणार आहे. न्हाणीघराला मात्र चिराच.