हार्टमेट ३: पंप उत्तम, पण घर तयार हवे

माझे वडील ठाण्यात नौपाड्याला राहतात आणि त्यांच्या दुबळ्या झालेल्या हृदयाला अ‍ॅबट कंपनीच्या हार्टमेट ३ या पंपाचा आधार आहे. प्रत्यारोपणासाठी हृदय मिळेपर्यंत, किंवा प्रत्यारोपण शक्यच नसेल तर कायमचा उपाय म्हणून, हा पंप बसवतात. अण्णांच्या वयामुळे आमच्यासमोर कायमच्या उपायाचाच पर्याय होता.

हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून रक्त ओढून ते महाधमनीत सोडणाऱ्या या पंपाचे चक्र कुठेही न टेकता चुंबकीय बळावर अधांतरी फिरते, त्यामुळे रक्तपेशींची झीज कमी होते आणि पंपात गुठळी होण्याचा धोका आधीच्या हार्टमेट २ पेक्षा पुष्कळच घटला आहे. मोमेंटम ३ या चाचणीत पाच वर्षांनी जगण्याचे प्रमाण नव्या पंपावर सुमारे ५८ टक्के, तर जुन्यावर ४४ टक्के आढळले. पूर्वी स्वयंपाकघरापर्यंत जाताना धापणारे अण्णा आता संध्याकाळी मासुंदा तलावाला सावकाश फेरी मारतात, यापेक्षा मोठी शिफारस माझ्याजवळ नाही.

खरी कसोटी पंपाला बाहेरून वीज पुरवणाऱ्या, पोटातून बाहेर येणाऱ्या केबलची आहे. तिथे जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ड्रेसिंग निर्जंतुक पद्धतीनेच करावे लागते, आणि ठाण्याच्या दमट हवेत, घामाने पट्टी सुटू पाहते तेव्हा, आई ते ज्या निष्ठेने करते ते पाहून मला तिच्याबद्दल अपार आदर वाटतो. दोन बॅटऱ्या पूर्ण चार्ज असल्यास १७ तासांपर्यंत चालतात. रात्री पंप घरच्या विजेवर असतो, म्हणून चार्ज केलेल्या बॅटऱ्या उशाशीच हव्यात. दोन्ही वीजजोडण्या एकाच वेळी कधीही काढायच्या नाहीत, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ असले पाहिजे. पोहणे आणि एमआरआय कायमचे वर्ज्य. लोकलची गर्दी आम्ही आपणहून टाळली.

पंपावरच्या रुग्णाची नाडी अनेकदा हाताला लागत नाही, त्यामुळे जवळच्या डॉक्टरांना आधीच भेटून हे सांगून ठेवावे. रक्ताच्या गुठळ्या रोखणारे वॉरफरिन आणि रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारी आयएनआरची तपासणी चालूच राहते. अ‍ॅस्पिरिन मात्र वगळल्यास रक्तस्राव कमी होतो, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले, तेव्हा त्याविषयी आपल्या हृदयतज्ज्ञांना अवश्य विचारावे.

खर्च फार मोठा आहे आणि विमा कंपनीचे उत्तर शस्त्रक्रियेआधी लेखी घ्यावे. एकट्या राहणाऱ्या रुग्णाला मी हा पंप सुचवणार नाही. ड्रेसिंग आणि बॅटऱ्या सांभाळायला शिकलेली किमान दोन माणसे घरात असतील, तर मात्र निर्णय लांबवू नये, कारण मूत्रपिंड आणि यकृत खचल्यावर हीच शस्त्रक्रिया कितीतरी जोखमीची होते.