'रक्त वाढवणारी' पत्ती: खुल्या चहातली फसवणूक

सोयाबीन विकून हातात चार पैसे आलेले असतात, कापसाची वेचणी सुरू व्हायची असते आणि दिवाळी तोंडावर असते. विदर्भातल्या आठवडी बाजारात खुली चहापत्ती विकणारे बाहेरगावचे लोक याच दिवसांत उतरतात. वेचणीच्या बायांना शेतात दोनदा चहा द्यायचा, घरी पाहुणे यायचे, म्हणून पत्ती छटाकाने नाही, किलोने घेतली जाते. फसगत होते ती या किलोच्या खरेदीत.

एका गावातल्या बचत गटाच्या बायांनी अशीच बारा किलो पत्ती घेतली. विकणाऱ्याजवळ एक काचेचा ग्लास आणि पाण्याची बाटली होती. ग्लासात पाणी ओतून त्याने वरून चिमूटभर पत्ती सोडली. पत्ती बुडायच्या आधीच तिच्यातून लालसर तांबड्या रंगाचे दोरे खाली उतरायला लागले आणि पाच-सात सेकंदांत पाणी रंगलं. "पाहा नं काकू, कसा रंग सुटते! थेट आसामच्या बागेतली हाये. शुगरवाल्याले चालते, अन् बायांचं रक्तबी वाढवते." भाव सांगितला किलोले एकशे ऐंशी. बारा किलोचे २,१६० रुपये रोख दिले गेले, बिल कोणी मागितलं नाही. पिशव्या पारदर्शक प्लास्टिकच्या होत्या. वर हिरव्या पानाचं चित्र आणि 'आयुर्वेदिक' एवढा एक शब्द. पॅक करणाऱ्याचं नाव नाही, तारीख नाही, परवान्याचा नंबर नाही.

घरी चहा मांडला तर रंग झकास आला, चव मात्र आलीच नाही. दूध घालायच्या आधी कोरा चहा जिभेवर ठेवला तर तुरटपणाच नाही, नुसतं कोमट रंगीत पाणी. गाळायचं पांढरं फडकं साबणाने दोनदा धुतलं तरी त्यावर नारंगी डाग राहिला. चहाचा डाग तपकिरी असतो, नारंगी नसतो, आणि शंका पहिल्यांदा आली ती या फडक्यावरून.

विकणाऱ्याने ग्लासात जे करून दाखवलं, तोच त्याच्या मालाविरुद्धचा पुरावा होता. 'रंग लवकर सुटला म्हणजे पत्ती कडक' हा आपल्याकडचा पक्का समज आहे आणि भेसळीचा सगळा धंदा त्यावर उभा आहे. खऱ्या चहाचा रंग पानातल्या थिआफ्लेविन आणि थिआरुबिगिन या द्रव्यांचा असतो. पान चिरडल्यावर हवा लागून ती द्रव्यं तयार होतात आणि पानाच्या आतच मुरलेली असतात. ती गरम पाण्यात मोकळी होतात, गार पाण्यात फार सावकाश. वरून चोळलेला रंग मात्र पाण्याचा थेंब लागताच सुटतो.

अशा मालात साधारण तीन गोष्टी सापडतात. पहिली, हॉटेल-टपऱ्यांवरची वापरलेली पत्ती, वाळवून परत रंगवलेली. दुसरी, हरभऱ्याचं किंवा तुरीचं टरफल, जे खरं तर ढोरांच्या चुनीत जायचं. कधी लाकडाचा भुसा. तिसरी, कृत्रिम रंग. चहात कोणताही रंग घालायला परवानगी नाही, मिठाईत चालणारा टार्ट्राझिन किंवा सनसेट यलोसुद्धा नाही. चहाच्या कारखान्यातून निघणारा टाकाऊ माल बाजारात पत्ती म्हणून फिरू नये यासाठी १९५९ पासून वेगळा आदेश लागू आहे, कारण हा रस्ता जुना आहे. अन्नसुरक्षेच्या मानकाप्रमाणे पत्तीतला किमान ३२ टक्के भाग उकळत्या पाण्यात उतरला पाहिजे. एकदा उकळून घेतलेली पत्ती इथेच नापास होते. तिचा अर्क आधीच कोणाच्या तरी कपात गेलेला असतो.

भावाचाही हिशोब करून पाहावा. २०२४ साली देशभरच्या चहा लिलावांतला सरासरी भाव किलोमागे २०० रुपयांच्या आसपास होता, आणि तो गुवाहाटी, सिलिगुडी, कोलकाता, कुन्नूर अशा ठिकाणचा ठोक भाव. त्यावर वाहतूक, कर, पॅकिंग आणि दोन-तीन हातांचा नफा चढतो. दक्षिणेकडचा हलका माल याहून स्वस्त मिळतो, त्यात वाईट काही नाही, पण तो आसामचा नसतो. 'आसामच्या बागेतली स्पेशल' पत्ती विदर्भाच्या आठवडी बाजारात १८० रुपयांनी विकणाऱ्याकडे एक तर आसाम खोटा आहे नाहीतर पत्ती.

आता घरी तपासायचं कसं. सगळ्यात सोपी गार पाण्याची चाचणी, आणि ती चुकते तीही सगळ्यात जास्त. स्वच्छ काचेचा ग्लास घ्या, पाऊण भरा, वरून अर्धा चमचा पत्ती सोडा आणि अजिबात ढवळू नका. रंगवलेल्या पत्तीतून काही सेकंदांत दोरे उतरतात. चांगल्या दाणेदार पत्तीच्या भोवती मिनिटभराने फिकट पिवळसर तपकिरी झाक येते आणि ती सावकाश पसरते. पण पाणी माठातलंच घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात टाकीचं पाणी दुपारी हाताला चटका देईल इतकं तापतं, त्यात शुद्ध पत्तीही भराभर रंग सोडते आणि चांगल्या दुकानदारावर विनाकारण आळ येतो. दुसरी चूक पत्तीच्या आकाराची. बारीक डस्ट शुद्ध असली तरी मोठ्या दाण्यापेक्षा लवकर रंग देते. म्हणून दोन ग्लास शेजारी ठेवा. एकात संशयाची पत्ती, दुसऱ्यात तेवढ्याच बारीक दाण्याची, सीलबंद पुड्यातली. फरक डोळ्यांना दिसतो, सांगावा लागत नाही.

कागदाची चाचणी त्याहून भरवशाची, भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने लोकांसाठी सांगितलेल्या घरगुती चाचण्यांत ती आहे. फिल्टर पेपर किंवा पांढरा टिपकागद घ्या, वर्तमानपत्र नको, त्याची शाई फसवते. पत्तीचे थोडे दाणे पसरा, कागद ओला होईल इतकं पाणी शिंपडा आणि काही मिनिटं थांबा. मग पत्ती झाडून कागद नळाखाली धुवा आणि उजेडासमोर धरा. शुद्ध पत्तीचा डाग उरत नाही. रंगवलेल्या पत्तीचे दाणे जिथे होते तिथे पिवळे, नारंगी किंवा गुलाबी ठिपके राहतात, बचत गटाच्या फडक्यावर राहिला तसेच.

लोहचुंबकाचीही एक चाचणी आहे, पण ती नीट समजून करावी. पत्ती पांढऱ्या कागदावर पातळ पसरा, जुन्या स्पीकरमधलं चुंबक पातळ प्लास्टिकमध्ये गुंडाळा आणि पत्तीवरून हळू फिरवा. दोन-चार काळे कण चिकटले तर घाबरू नका. आपली रोजची दाणेदार पत्ती ज्या रोलरमधून चिरडून, फाडून, वळवून निघते ते रोलर झिजतात आणि त्यांचा कीस थोडा उतरतोच. कारखाने तो चुंबकाने काढतात, तरी राहतो, म्हणून किलोमागे २५० मिलिग्रॅमपर्यंत लोहकीस मानकात चालतो. म्हणजे पावभर पत्तीत साठ-बासष्ट मिलिग्रॅम. चुंबकावर मिशीसारखा झुपका उभा राहिला तर मात्र वजन वाढवण्यासाठी कीस मिसळला आहे असं समजा. 'लोखंडच आहे, रक्ताला चांगलं' असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो धातूचा कीस आहे, औषधातलं लोह नव्हे.

टरफल ओळखायला उकळलेला चोथा लागतो. गाळणीतला चोथा पांढऱ्या ताटलीत पसरा आणि बोटाने चोळा. चहाचा दाणा फुगून उलगडतो, मऊ होतो, पानाचे तुकडे आणि शिरा दिसतात. टरफल उकळूनही वाटीसारखं वळलेलं आणि कडक राहतं, भुसा बोटाला तंतूसारखा लागतो.

आणि जिभेची चाचणी. मोजून करा, अंदाजाने नको. २ ग्रॅम पत्ती, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, १०० मिली उकळत्या पाण्यात झाकून ६ मिनिटं ठेवा. चहाची चव पारखणारे लोकही जवळपास हेच प्रमाण धरतात. दूध नाही, साखर नाही. हिरड्या किंचित आखडतील असा तुरटपणा हवा. रंग भरपूर आणि तुरटपणा शून्य, हे वापरलेल्या पत्तीचं लक्षण. मग त्यात थोडं लिंबू पिळा. खऱ्या चहाचा रंग आंबटाने लगेच उजळतो, गडद लालचा सोनेरी होतो. बहुतेक कृत्रिम रंगांना लिंबाने काही होत नाही.

या सगळ्या चाचण्यांनी शंका पक्की होते. रंग कोणता, किती, हे प्रयोगशाळाच सांगू शकते.

पैशाच्या नुकसानापेक्षा आम्हाला जास्त टोचतो तो 'रक्त वाढवते' हा शब्द. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळलं. त्याच बायांना चहा विकताना हा दावा केला जातो, आणि खरं याच्या उलट आहे. चहातली पॉलिफेनॉल द्रव्यं डाळ-भाजी-भाकरीतल्या लोहाला पोटात बांधून ठेवतात. जेवणासोबत चहा घेतला तर अंगी लागणारं लोह निम्म्याहून जास्त घटू शकतं. हे शुद्ध चहाचंच आहे, भेसळीचा यात संबंध नाही. म्हणून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा टाळायला सांगितलं आहे. आशाताई गरोदर बाईला लाल गोळ्या देतात त्या चहासोबत कधीच घेऊ नयेत. पाण्याने घ्याव्यात, लिंबूपाण्याने घेतल्या तर अधिक चांगलं. शेतात न्याहारीची भाकर आणि चहा एकत्र घ्यायची सवय आहे तिथे चहा तासभर पुढे ढकलला तरी फरक पडतो.

शुगरचंही तसंच. चहात गुण नाहीत असं आम्ही म्हणत नाही. साधा, कमी साखरेचा, मोजका चहा तरतरी देतो आणि त्यातली पॉलिफेनॉल द्रव्यं अँटिऑक्सिडंट म्हणून काम करतात. पण मधुमेह बरा करणारी पत्ती नसते. अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय कायद्याने गुन्हा आहे, आणि खाद्यपदार्थाची दिशाभूल करणारी जाहिरात केल्यास अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अशा पत्तीच्या भरवशावर कोणी गोळ्या सोडल्या तर त्याची किंमत १८० रुपये राहत नाही. उलट कपात दोन चमचे साखर असेल तर पाच चहांत जवळपास ५० ग्रॅम साखर पोटात जाते. वजन उतरवणाऱ्या 'हर्बल' चहापासूनही सावध राहा. त्यांत बऱ्याचदा सोनामुखी असते, ती जुलाबाची वनस्पती आहे. वजन उतरलं असं वाटतं ते पाणी गेल्यामुळे. रोज घेत गेलं तर पोटॅशियम उतरतं आणि अशक्तपणा येतो.

घ्यायचीच असेल तर पुड्यावर पॅक करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, किंमत आणि १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक पाहा. हा क्रमांक १ ने सुरू झाला तर परवाना, २ ने सुरू झाला तर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी. फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर तो टाकला की नाव दिसतं, गावातल्या कोणत्याही पोराच्या मोबाइलवर हे दोन मिनिटांचं काम आहे. नाव वेगळंच निघालं तर घेऊ नका. खुली पत्ती ओळखीच्या किराणा दुकानातून घेतली तरी आधी पावभर घ्या, तपासा, मग लग्नाची किंवा तेरवीची मोठी खरेदी करा.

फसलातच तर सगळ्या पिशव्या फोडू नका. बचत गटाचं इथेच चुकलं, बाराही किलो घरोघरी वाटले गेले आणि दाखवायला सीलबंद पिशवी उरली नाही. फोडलेल्या पिशवीवर विकणारा सरळ सांगतो की तुम्हीच काही मिसळलं. तक्रार जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात लेखी द्या, किंवा १८००-२२२-३६५ या मोफत क्रमांकावर करा. ग्राहक म्हणून पैशाची तक्रार १९१५ वर करता येते. अधिकारी येईपर्यंत विकणारा निघून जातो ही खरी अडचण आहे, त्यामुळे तो बाजारात बसलेला असतानाच फोन करा, गाडीचा नंबर आणि जागा सांगा. अधिकाऱ्याने घेतलेल्या नमुन्याचे चार भाग होतात आणि अन्न विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो.

अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम ४० प्रमाणे साधा ग्राहकही फी भरून तपासणी करून घेऊ शकतो, पण एक अट आहे. 'मी हा माल तपासायला देणार आहे' हे खरेदीच्या वेळीच विकणाऱ्याला सांगावं लागतं. माल नियमात बसला नाही तर फी परत मिळते. दोन साक्षीदार सोबत ठेवून एवढं वाक्य ऐकवा आणि बिल मागा. पत्ती खरी असेल तर तो बिल लिहून देईल.