ओवाळणीतला कमरपट्टा

यंदा भाऊबीजेला ताईच्या ओवाळणीत पाकिटाबरोबर साडेतीनशे रुपयांचा, धावताना कमरेला बांधायचा लवचिक पट्टा घातला. जानेवारीत ती मुंबई मॅरेथॉनमधील २१ किलोमीटरची शर्यत धावणार असून, तसाच एक पट्टा मी स्वतः महिनाभर वापरून पाहिला होता. मोबाइल, घराची किल्ली आणि बिया काढलेले चार खजूर एवढा ऐवज त्यात मावतो, आणि तो कमरेच्या हाडावर घट्ट बसवला तर सरावात पेडर रोड चढतानाही उड्या मारत नाही. पोटावर बांधल्यास मात्र गरगर फिरतो. खरी उणीव चेनची आहे. तिसऱ्या आठवड्यातच घामाच्या मिठाने तिचे दात पांढुरके पडून ती अडकू लागली, तेव्हा तिच्यावर मेणबत्ती घासावी लागली. कापडातून पाणी जात नाही हा वेष्टनावरील दावा तर विसरावा. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळूनच ठेवावा. याच किमतीत धावण्यासाठीचे चांगले पायमोजेही मिळतात, परंतु ताईला पायाचे माप विचारले की गुपित फुटलेच! पट्ट्याचे बक्कल सरकवता येत असल्याने तो प्रश्नच उद्भवत नाही.