बिझनेस स्कूल विद्यापीठातलं घ्यावं की स्वतंत्र?

दोन्हीकडे प्रवेश मिळालेले ओळखीतले लोक मला हा प्रश्न विचारतात. फी, रँकिंग, सरासरी पॅकेज तुम्ही आधीच कोळून प्यायला असाल, म्हणून त्यात शिरत नाही. शिकवण्यातही मला फार फरक जाणवला नाही. केस, म्हणजे वर्गात चर्चेला घेतलेला एखाद्या कंपनीचा खराखुरा पेच, इथेही तीच, तिथेही तीच. फरक आहे तो वर्गाबाहेर, अडचणीत कुणाचं दार ठोठवायचं इथे. मी विद्यापीठातल्या स्कूलमधून एमबीए केलं आणि मधलं एक सत्र एक्स्चेंजवर स्वतंत्र स्कूलमध्ये काढलं. म्हणजे एका घरचा मुलगा आणि दुसऱ्या घरचा पाहुणा, एवढं धरून पुढचं वाचा.

आधी पाहुणचाराबद्दल. स्वतंत्र स्कूलमध्ये करिअर ऑफिस, ग्रंथालय, ग्रुपसाठीच्या खोल्या, प्रोग्रॅम ऑफिस असं सगळं एकाच इमारतीत होतं. दुसऱ्या आठवड्यात करिअर सल्लागार बाई मला नावानं हाक मारायला लागल्या. सकाळी सीव्ही पाठवला की संध्याकाळी लाल खुणांनी भरून परत. मॉक इंटरव्ह्यू पाहिजे म्हटलं तर उद्याची वेळ. ब्लूमबर्ग टर्मिनल, म्हणजे शेअर बाजाराची ताजी माहिती दाखवणारा संगणक, तर मागाल तेव्हा मोकळं. फ्रान्समधल्या इन्सिआड या स्वतंत्र स्कूलचं एमबीए 10 महिन्यांचं आहे. अशा आटोपशीर अभ्यासक्रमात पहिल्या महिन्यापासून नोकरीचा विचार सुरू होतो, तेव्हा मदत हाताशी असावीच लागते.

आमच्या विद्यापीठात सगळा उलटा कारभार. लेखन केंद्र भाषा विभागाच्या तळघरात, समुपदेशन आरोग्य केंद्रात, परीक्षेत जादा वेळ हवा असेल तर त्याचं कार्यालय तिसरीकडेच. प्रत्येक ठिकाणी नवा अर्ज, आणि अर्जात ‘संशोधन मार्गदर्शकाचं नाव’ असा रकाना, जो एमबीएवाल्यानं कसा भरायचा हे कुणालाच माहीत नाही. त्यात वेळापत्रकाचा घोळ. स्कूल आठ-आठ आठवड्यांच्या तुकड्यांवर चालायचं, विद्यापीठ सेमिस्टरवर. आमची परीक्षा ऐन भरात असताना विद्यापीठाला सुट्टी, आणि मुख्य ग्रंथालय सहालाच बंद. लेखन केंद्रात मला पहिली वेळ मिळाली ती असाइनमेंट देऊन झाल्यावर आठ दिवसांनी. गेलो मी तरीही. बाईंनी आधीच दिलेल्या असाइनमेंटमधल्या चुका शांतपणे दाखवल्या.

इथवर वाचून तुम्ही स्वतंत्र स्कूलकडे झुकला असाल. मीही झुकलो होतो. एक्स्चेंज आणखी एक सत्र वाढवून घेण्याची सोय होती, तो अर्ज मी भरूनही ठेवला होता.

तो दिला नाही, त्याचं कारण एक काचेचा दरवाजा.

स्वतंत्र स्कूलमध्ये समुपदेशकाची खोली तळमजल्यावर होती, मुख्य दालनाला लागून. शेजारी करिअर ऑफिस, समोर कॉफीचं मशीन. कंपन्यांचे भरतीवाले मुलाखतींच्या मधल्या वेळेत तिथेच उभे असायचे. त्या दाराकडे जाणारा माणूस कुठे चाललाय हे सगळ्या दालनाला कळायचं. एकदा आमच्या ग्रुपमधली एक मुलगी तिथून बाहेर आली आणि कुणीतरी अगदी काळजीनं मोठ्यानं विचारलं, “सगळं ठीक ना?” विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण पुढच्या ग्रुपवर्कमध्ये तिच्या वाट्याला न विचारता सोपी स्लाइड आली.

मला स्वतःला त्या सत्रात गरज होती. नोकरीसाठी सलग तीन नकार आले होते, आणि केसच्या वर्गात माझा आवाज फुटेना. वर्गात बोलण्याला गुण असतात, त्यामुळे गप्प बसणंही महाग पडतं. तीनदा त्या दारापर्यंत गेलो आणि तिन्ही वेळा कॉफी घेऊन परत फिरलो. स्टॅनफर्डसह काही स्कूलमध्ये भरतीवाल्यांना गुण न सांगण्याची पद्धत आहे. गुण असे झाकता येतात, दार कसं झाकणार?

विद्यापीठात पहिल्या वर्षी अशाच अवस्थेत मी आरोग्य केंद्रात गेलो होतो. वीस मिनिटं चालत, वाटेत दोनदा चुकून. बाहेरच्या बाकावर व्हायोलिनची पेटी मांडीवर घेतलेला एक मुलगा आणि वनस्पतिशास्त्राची एक संशोधक बसली होती. मी कोण, कुठला, पुढच्या आठवड्यात कुठे मुलाखत देणार, याच्याशी दोघांनाही काही देणंघेणं नव्हतं. ज्या अंतराला मी वर्षभर शिव्या घातल्या, तेच तिथे कामाला आलं.

हा माझा स्वभाव झाला. तुम्ही चारचौघांत मोकळेपणानं बोलणारे असाल तर माझं दुखणं तुम्हाला फाजील वाटेल, आणि क्षेत्र बदलून चटकन नोकरी मिळवणं हेच ध्येय असेल तर त्या सल्लागार बाईंसारखं माणूस विद्यापीठात शोधून सापडणं कठीण. शिवाय सरसकट असं काही नसतं. नावात विद्यापीठ असलं तरी स्कूल वेगळं बेट असू शकतं: हार्वर्डचं बिझनेस स्कूल 1908 साली सुरू झालं, पण 1927 पासून त्याचं आवार चार्ल्स नदीपलीकडे आहे. काही विद्यापीठं आपला समुपदेशक थेट बिझनेस स्कूलच्या इमारतीत बसवतात. मग माझा मुद्दा निम्मा गळतो. उलट एखाद्या स्वतंत्र स्कूलनं बाहेरच्या समुपदेशकाशी करार करून फोनवर किंवा दुसऱ्या जागी भेटीची सोय ठेवली असेल, तर माझी अर्धी तक्रार मिटते. अर्धीच म्हणतो, कारण त्या इमारतीतली बाकीची दारंही काचेचीच असतात.

प्रवेश मिळालेल्यांना स्कूल दाखवण्याचा एक दिवस असतो. त्या दिवशी वर्ग आणि कॅफेटेरिया ते दाखवतीलच. तुम्ही समुपदेशकाच्या खोलीपर्यंत एकटे चालत जा, आणि वाटेत किती जणांनी मान वळवून पाहिलं ते मोजा.